फिनेस पद्धतीने बास गरवण्यासाठी स्पिनिंग रॉड कोणता घ्यावा?

रंकाळाकाठ (कोल्हापूर)

नमस्कार. येत्या जूनमध्ये मी काही महिने मुलीकडे, अमेरिकेतील जॉर्जिया राज्यात, राहायला जात आहे. तिच्या घराजवळ लेनियर तलाव आहे आणि त्यात स्पॉटेड बास भरपूर आहेत. जावई सांगतात की उन्हाळ्यात हे मासे खोल, नितळ पाण्यात जातात आणि जाड तंगूस किंवा मोठे ल्युअर (कृत्रिम आमिष) दिसले की बुजतात. म्हणून तिथे बारीक दोरा, लहान गळ आणि रबरी किड्यासारखे मऊ आमिष घेऊन मासेमारी करतात, त्यालाच फिनेस म्हणतात. पंचगंगेवर गांडूळ लावून गळ टाकण्याची मला लहानपणापासून सवय आहे, पण हा प्रकार मला नवीन आहे.

माझ्यासमोर तीन स्पिनिंग रॉड आहेत. पहिला ६ फुटी अल्ट्रालाइट असून त्याला १ ते ५ ग्रॅमचे ल्युअर चालते. दुसरा ७ फुटी मीडियम-लाइट, फास्ट अ‍ॅक्शनचा, ३.५ ते १० ग्रॅमचा आहे. तिसरा ७ फुटी मीडियम-हेवी, १० ते २८ ग्रॅमचा आहे. यांपैकी कोणता घ्यावा, आणि परत आल्यावर तोच रॉड इकडे मरळीसाठी वापरता येईल का?

गळकरी

आपण दुसरा रॉड घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

रॉडवर छापलेल्या दोन गोष्टींत अनेकांची गल्लत होते. पॉवर म्हणजे रॉड वाकवायला किती जोर लागतो ते, आणि अ‍ॅक्शन म्हणजे तो कुठून वाकतो ते. फास्ट अ‍ॅक्शनचा रॉड मुख्यतः टोकाकडच्या भागात वाकतो आणि खालचा भाग ताठ राहतो. त्यामुळे टोक हलके आमिष फेकू शकते, माशाने आमिष नुसते तोंडात धरले तरी ते हाताला कळते, आणि गळ बसवण्यासाठी मागे ताकदही उरते. फिनेसमध्ये गळाची तार बारीक आणि टोक अत्यंत धारदार असते, म्हणून जोराचा झटका द्यायचा नसतो. रील फिरवत रॉड एका बाजूला सलग ओढला की गळ आपोआप रुततो. मीडियम-हेवी रॉडने तसाच झटका दिला तर एक तर बारीक गळ उघडतो किंवा ६ पौंडी (सुमारे ६ पौंड ताण सोसणारा) दोरा तुटतो. शिवाय ५ ग्रॅमच्या आमिषाने त्याचे टोक वाकतच नाही, त्यामुळे फेक जवळच पडते.

अल्ट्रालाइट रॉडची अडचण याच्या उलट आहे. लेनियरसारख्या खोल पाण्यात ड्रॉप शॉट लावताना खाली १० ग्रॅमपर्यंतचे वजन असते आणि गळ त्याच्या वर वीतभर किंवा थोड्या अधिक अंतरावर बांधलेला असतो. मऊ रॉड त्या वजनानेच वाकून राहतो, मग तळाचा दगड कोणता आणि मासा कोणता हे कळणार कसे?

रील २५०० आकाराचे पुरेल. त्यावर १० पौंडी वेणीचा दोरा भरावा आणि पुढे ६ ते ८ पौंडी फ्लुरोकार्बनचा लीडर (गळाकडचा दोऱ्याचा वेगळा तुकडा) बांधावा. वेणीचा दोरा जवळजवळ ताणला जात नाही, म्हणून खोलातली हालचाल वरपर्यंत पोचते. फ्लुरोकार्बन पाण्यात कमी दिसतो आणि बुडतो. वेणीचा दोरा रीलच्या गुळगुळीत स्पूलवर (दोरा गुंडाळायच्या चकरीवर) घसरतो, त्यामुळे त्याच्याखाली थोडा साधा तंगूस गुंडाळण्यास विसरू नये.

दुकानात रॉड हातात घेताना त्यावर रील बसवूनच घ्यावा आणि तोल पाहावा, कारण टोकाकडे जड असलेला रॉड तासाभरात मनगट दुखवतो. रॉडवरच्या, दोरा जाणाऱ्या प्रत्येक कडीच्या आतून कापसाचा बोळा फिरवावा. कुठे बारीक तडा असेल तर तंतू अडकतात, आणि तोच तडा पुढे दोरा कापत राहतो.

भोगावतीकर

वरील सल्ल्याशी मी सहमत आहे, पण एका बाबतीत माझे मत वेगळे आहे. लेनियरमध्ये पाण्याखाली फांद्यांचे ढीग आहेत आणि काठाला होड्या लावण्याचे धक्के आहेत. अशा जागी मासा आत शिरला की मीडियम-लाइट रॉडने त्याला वळवणे कठीण जाते. जावई मुख्यतः धक्क्यांपाशी मासेमारी करत असतील, तर मीडियम पॉवरचा, फास्ट अ‍ॅक्शनचा, ५ ते १४ ग्रॅमचा रॉड मी निवडेन. उघड्या खोल पाण्यात मात्र मीडियम-लाइटच योग्य. म्हणून आधी त्यांना जागा विचारून घ्यावी. १६ वर्षे व त्यावरील प्रत्येकाला तिथे मासेमारीचा परवाना लागतो, आणि बाहेरून येणाऱ्यांसाठी तो वेगळा असतो, तोही आधीच काढून ठेवावा.

जलपर्णी

मरळीच्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असे आहे. मरळ जलपर्णीत आणि पाणगवतात राहते, तिचा जबडा हाडाचा असतो, आणि बेडकाच्या आकाराचे ल्युअर गिळल्यावर ती सरळ गवतात घुसते. तिथे मीडियम-हेवी रॉड आणि ४० पौंडी वेणीचा दोराच हवा. बारीक दोरा तुटून गळ माशाच्या तोंडात राहणे हे मला फार वाईट वाटते, म्हणून हे ठामपणे लिहीत आहे. चिलापीसाठी मात्र आपला हलका रॉड उत्तम चालेल. लहान रबरी आमिष काठाजवळ हळू ओढावे.

इकडच्या तलावांतली मासेमारी बहुधा ठेक्याने मच्छीमार संस्थांकडे असते, तेव्हा संस्थेला विचारूनच गळ टाकावा. पावसाळ्यात मरळीच्या लालसर पिल्लांचा थवा पृष्ठभागावर दिसला तर तिथे ल्युअर मुळीच टाकू नये. खाली नर-मादी राखण करत असतात आणि त्यांना काढले की इतर मासे सगळी पिल्ले खाऊन टाकतात.

रंकाळाकाठ

सर्वांचे मनःपूर्वक आभार. जावयांना विचारले, ते होडीतून उघड्या पाण्यातच जातात, म्हणून मीडियम-लाइट निश्चित केला. एकच शंका उरली आहे. तो रॉड एकसंध घ्यावा की दोन तुकड्यांचा?

गळकरी

आपल्याला विमानाने परत आणायचा आहे, तेव्हा दोन तुकड्यांचाच घ्यावा. आजकालच्या चांगल्या रॉडमध्ये सांध्यामुळे जाणवेल असा फरक पडत नाही. सांधा जोडल्यावर सर्व कड्या एका ओळीत येतात का आणि तो हलत नाही ना, एवढे पाहावे. आणण्यासाठी जाड पीव्हीसी पाइपचा तुकडा दोन्ही टोकांना टोपण लावून वापरावा आणि आत कापड भरावे. रॉडचे कार्बन ताण सोसते, पण टोला सोसत नाही. तसेच मासा होडीजवळ आल्यावर रॉड सरळ उभा धरून त्याला उचलू नये, जाळीतच घ्यावा.