दिवाडीवर जाऊन सुरमईच का हवी?

म्हापसेकरीण:
परवा पुण्याच्या नणंदेला दिवाडी बेटावर नेलं. जुन्या गोव्याच्या धक्क्यावरून फेरी धरली, पाचेक मिनिटांत पलीकडे. उतरताच प्रश्न : "वहिनी, सुरमई थाळी कुठे मिळेल?" अगं, जुलै महिना! १ जून ते ३१ जुलै ट्रॉलर बंद, म्हणजे इसवण (तुमची सुरमई) मिळालीच तर बर्फातली. ओळखीच्या घरी सुक्या सुंगटांची (कोळंबीची) किसमूर, उकडा भात नि सोलकढी होती. दोन घास खाऊन ती मला हळूच म्हणते, "हे तोंडीलावणं झालं, जेवण कधी?" माझं मत सरळ आहे. त्या महिन्यात तिथल्या चुलीवर जे शिजतं ते खायचं नसेल, तर पणजीतच बसावं.

फोंडेकर:
ताई, फारच सोवळं झालं हे! प्रत्येकाला ओळखीचं घर कुठून मिळणार? नि अस्सल-बिस्सल काय हो, तुमच्या किसमुरीतली मिरची पोर्तुगिजांच्या जहाजातूनच आली ना? लोक सुरमई मागतात म्हणून चार खाणावळी चालतात.

म्हापसेकरीण:
मिरची आली ती परसात रुजली. बर्फातली सुरमई रुजवून दाखवा.

दिवाडकार:
मी इथलाच. मासळीवरून भांडताय, पण फेरीतून उतरल्यावर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना खाजन, म्हणजे खाऱ्या पाण्याकाठची सखल शेती, लागतं, ते बघितलंत? खारं पाणी अडवायला बांध, त्यात मानस, म्हणजे पाण्याची ये-जा आवरणारी दारं. भरती आली की मानशीची दारं पाण्याच्या दाबानेच मिटतात, ओहोटीला उघडतात. पावसाने मीठ धुऊन निघालं की कोरगूट भात लावायचा, खारटपणा सोसतो तो. पूर्वी आमच्या घरी त्याचीच पेज असायची. आता बांध फुटला की दुरुस्तीला माणूस मिळत नाही, शेतात खारफुटी शिरते आणि उकडा तांदूळ दुकानातून पोत्याने येतो. ताई, तुमच्या त्या घरातला भात कुठला होता, विचारलंत?

म्हापसेकरीण:
नाही विचारलं. चुकलंच.

फोंडेकर:
म्हणजे अस्सलवाल्यांचा भातही बाहेरचाच! पण मग पाहुण्याने यावं तरी कधी?

दिवाडकार:
ऑगस्टात. हळदीच्या पानातल्या पातोळ्या नागपंचमीला हिंदूंच्या घरी, १५ तारखेला सायबिणीच्या (मेरीमातेच्या) फेस्ताला ख्रिस्तांवांच्या घरी. फक्त बोंदेराच्या, म्हणजे आमच्या बावट्यांच्या उत्सवाच्या, शनिवारी येऊ नका. फेरीला ही रांग, नि घरात शिजवायला कोणी थांबत नाही, सगळे बावटे बघायला रस्त्यावर.