घोड्याचा पोटशूळ: जठर नाही, मोठं आतडं बघा

'गाईसारखे चार कप्पे असूनही घोड्याला पोटशूळ इतका का?' असं एकाने विचारलंय. मुळात चार कप्पे नाहीतच. घोड्याचं जठर एकच, तेही अंगाच्या मानाने लहान. गवत आंबवण्याचं काम मागे, मोठ्या आतड्यात होतं. उजव्या कुशीतलं अंधांत्रच (मोठ्या आतड्याच्या सुरुवातीची पिशवी) जवळपास मीटरभर लांब, ३० लिटरच्या आसपास मावेल एवढं. (माणसात त्याची जेमतेम छोटी पिशवी उरलीय.) पुढचं ३-४ मीटरचं बृहदांत्र (मोठ्या आतड्याचा अंधांत्रानंतरचा जाड भाग) पोटात मावावं म्हणून एकावर एक ठेवलेल्या दोन नालांसारखं दुमडलेलं असतं.

खरी गोम डाव्या बाजूला. खालचा रुंद भाग ओटीपोटाच्या हाडांपाशी वळून वर जातो, तिथे व्यास एकदम ८-९ सेंमीवर येतो. पाणी कमी, चारा जाडाभरडा, की चोंदतं ते बहुतेक इथेच. शिवाय हा डावा भाग पोटाच्या भिंतीला बांधलेलाच नाही! वायूने फुगला की सरकतो, प्लीहा आणि मूत्रपिंडाच्या बेचक्यात अडकतो, नाहीतर पीळच पडतो. पूर्ण पीळ पडला तर हातात काही तासच, तेही शस्त्रक्रियेसाठी. आणि घोड्याला उलटी होत नाही, पाजलेलं परत बाहेर पडत नाही, त्यामुळे घरगुती काढे पाजत बसण्याआधी डॉक्टरांना फोन करा.