रे बेटाचा वेढा (१६२७): दोष एकट्या बकिंगहॅमचाच का?

दर्यावर्दी:
बकिंगहॅमचा ड्यूक जॉर्ज व्हिलियर्स १६२७च्या जुलैत इंग्रजी फौज घेऊन फ्रान्समधल्या ला रोशेल बंदराजवळच्या रे बेटावर उतरला आणि नोव्हेंबरात सँ-मार्तँचा किल्ला न घेताच परतला. तेव्हापासून ‘राजाचा (इंग्लंडच्या पहिल्या चार्ल्सचा) लाडका, सेनापती म्हणून कुचकामी’ हा शिक्का त्याच्यावर बसला तो कायमचा. मला हा अन्याय वाटतो. ऑक्टोबरच्या सुरुवातीला किल्ल्यात खायला उरलं नव्हतं, फ्रेंच किल्लेदार त्वाराने शरणागतीची बोलणी चालवली होती. इकडे इंग्लंडात हॉलंडच्या अर्लची (हा इंग्रज सरदार) कुमक पैशाअभावी रखडली. पार्लमेंट पैसा देईना, राजाने सक्तीने उकळलेलं कर्ज पुरेना. उपाशी फौजेने किल्ला कसा घ्यायचा?

तटबंदी:
पैशाची अडचण मान्य. पण ला प्रेचं काय? उतरण्याच्या जागेजवळचा हा लहानसा किल्ला सहज घेता आला असता. तो मागे तसाच सोडला आणि पुढे फ्रेंच फौज त्याच्याच आडोशाने बेटावर उतरली. शिवाय उतरल्यावर बरेच दिवस वाया घालवले, तेवढ्यात त्वाराने मिळेल ते धान्य आत भरलं. यात खजिन्याचा काय संबंध?

दर्यावर्दी:
ला प्रेची चूक मोठीच. तरीही वेढा जवळपास यशस्वी झाला होता. एका रात्री 35 फ्रेंच होड्या निघाल्या, त्यातल्या 29 इंग्रजी आरमाराला चुकवून आत पोचल्या. ती रसद अडली असती तर आज आपण विजयाबद्दल बोलत असतो.

तटबंदी:
आरमार कोणाच्या हुकमाखाली होतं? त्याच्याच ना! आणि नंतरचा सुलतानढवा तर अक्षम्य आहे. शिड्या तटाला पुरल्या नाहीत. तटाची उंची आधी मोजायला पार्लमेंटची मंजुरी लागत नाही.

खारवट:
तुम्ही दोघं सेनापतीबद्दलच बोलताय, माझा राग माघारीवर आहे. शेजारच्या ल्वा या भागाकडे जाणारी वाट अरुंद, दोन्हीकडे मिठागरं आणि चिखल. तिच्या अलीकडच्या तोंडाशी धड मोर्चा नव्हता. फ्रेंच सेनापती शोंबर्गच्या फौजेने मागून गाठलं आणि माणसं तिथेच कापली गेली, बुडाली. मोहिमेवर गेलेल्यांपैकी निम्मेही घरी परतले नाहीत. बकिंगहॅम स्वतः शूर होता, शेवटपर्यंत मागे थांबला, हे खरं. पण त्या शौर्याने वाट रुंद झाली नाही. पुढच्या ऑगस्टात पोर्ट्समथला त्याला भोसकणारा जॉन फेल्टन याच मोहिमेवर गेलेला अधिकारी होता.

दर्यावर्दी:
माघारीबद्दल बचाव करणार नाही. पण हॉलंडच्या अर्लची जहाजं सप्टेंबरात आली असती तर ती माघार घ्यावीच लागली नसती, यावर मी ठाम आहे.