‘नेतृत्व’ की ‘पुढाकार’?

१९९२च्या संयुक्त राष्ट्र हवामान बदल करारातल्या तिसऱ्या कलमाचं मराठी करते आहे. हवामान बदलाशी झुंजताना विकसित देशांनी ‘टेक द लीड’ करावं, असं त्यात म्हटलं आहे. त्याचं ‘नेतृत्व करावे’ असं भाषांतर मला खटकतं, पण का ते नेमकं सांगता येत नाही. त्याच कलमातल्या ‘कॉमन बट डिफरन्शिएटेड रिस्पॉन्सिबिलिटीज’चं ‘समान परंतु भिन्न जबाबदाऱ्या’ हे रूपही पटत नाही. समान आहेत, तर भिन्न कशा?

—

खटकणं रास्त आहे. ‘नेतृत्व’ आणि आपलं ‘नेणे’ यांचं मूळ एकच, संस्कृत ‘नी’ धातू. नेता इतरांना कुठेतरी नेतो, म्हणजे मागे येणारे हवेतच. कलमाला हे अभिप्रेत नाही. औद्योगिक क्रांतीपासून ज्यांच्या धुराड्यांतून सर्वाधिक कार्बन हवेत गेला, त्यांनी इतरांची वाट न बघता आधी आपलं उत्सर्जन घटवावं, एवढंच ते सांगतं. याला मराठीत ‘पुढाकार घेणे’ म्हणतात. पुढाकार घेणाऱ्याच्या मागे कुणी आलं नाही, तरी त्याचं काम सुरू झालेलं असतं.

१९९७च्या क्योटो करारात हा अर्थ स्वच्छ दिसतो. उत्सर्जन किती घटवायचं याचे आकडे फक्त विकसित देशांना बांधून दिले होते: सर्वांचं मिळून २००८ ते २०१२ या काळात १९९०च्या पातळीपेक्षा किमान ५ टक्के कमी. अमेरिकेने सही केली, पण मंजुरी कधीच दिली नाही. कॅनडा पुढे बाहेर पडला. ‘नेतृत्व’ लिहिलं की परिषदेतली भाषणंही त्यात मावतात. ‘पुढाकार’ लिहिलं की ‘मग केलंत काय?’ असं विचारता येतं. मला म्हणूनच हा शब्द मोलाचा वाटतो.

—

दुसऱ्या शब्दाबद्दल. इथल्या ‘कॉमन’चा अर्थ समान नव्हे, सामाईक. दोन घरांमधली भिंत सामाईक असते. म्हणून दोन्ही घरं सारखी ठरत नाहीत. वातावरण तसंच सगळ्यांचं मिळून एक आहे. ‘समान’ लिहिल्याने कलमाचा अर्थ थेट उलटा होतो, कारण जबाबदारी सारखी नाही हेच तर त्याला सांगायचं आहे.

‘भिन्न’ही मला नको वाटतो. भिन्न म्हणजे जातकुळीच वेगळी. इथे ओझं एकच आहे, वाटे लहानमोठे. ‘सामाईक, पण कमीअधिक जबाबदाऱ्या’ असं सुचवतो. पुढे ‘आपापल्या क्षमतेनुसार’ हे शब्द यायलाच हवेत. मूळ कलमात ते आहेत आणि बातम्यांत नेमके तेच गळतात.

—

क्रियापदही जपा. २०१५मध्ये पॅरिस करार मंजूर होण्याच्या अगदी शेवटच्या तासांत कलम ४.४ मधल्या एका शब्दावर सगळं अडलं होतं. विकसित देशांच्या वाक्यात ‘शॅल’ आलं होतं, अमेरिकेला ‘शुड’ हवं होतं. ‘शॅल’ राहिलं असतं तर ते कायदेशीर बंधन ठरून करार सिनेटपुढे न्यावा लागला असता आणि तिथे तो टिकण्याची आशा नव्हती. अखेर छपाईतली चूक म्हणून दुरुस्ती वाचून दाखवली गेली.

मराठी कायद्यांत ‘शॅल’साठी ‘करील’, ‘करतील’ येतं. गंमत अशी, की बोलण्यात ‘करतील’ नुसता अंदाज वाटतो आणि ‘करावे’ आज्ञेसारखं ऐकू येतं. कराराच्या भाषेत मात्र बंधन ‘करतील’मध्ये आहे, ‘करावे’मध्ये फक्त अपेक्षा. १९९२च्या या वाक्यातही ‘शुड’च आहे, तेव्हा ‘घेतील’ नको, ‘घ्यावा’ हवं.

—

सगळ्यांचे आभार. आता वाक्य असं झालं आहे: ‘सामाईक, पण कमीअधिक जबाबदाऱ्या आणि आपापली क्षमता यांनुसार सर्व पक्षांनी हवामान व्यवस्थेचे रक्षण करावे. त्यामुळे हवामान बदल व त्याचे दुष्परिणाम यांच्याशी झुंजण्यात विकसित देशांनी पुढाकार घ्यावा.’ यातल्या ‘पक्षां’चे राजकीय पक्ष होऊ नयेत म्हणून ‘करारातील देश’ चालेल का?

—

चालेल. पण युरोपीय संघही या कराराचा पक्ष आहे आणि तो देश नव्हे. ‘करारबद्ध पक्ष’ लिहा.