दुकानात नवा फोन पहिल्यांदा हातात घेतला तेव्हा...

दादर

रिव्ह्यू वाचून, व्हिडिओ बघून आपण फोन जवळजवळ ठरवूनच दुकानात जातो. तिथे तो हातात येतो आणि दोन मिनिटांत मत बदलतं. तुमचं असं झालंय? कुठला फोन, पहिल्यांदा काय जाणवलं, लिहा. किंमती आणि ऑफर नकोत, त्या रोज बदलतात. हाताला, डोळ्यांना, कानांना काय कळलं ते हवंय.

सुरुवात मी करते. मुंबईत बीकेसीच्या जिओ वर्ल्ड ड्राइव्ह मॉलमध्ये अ‍ॅपलचं भारतातलं पहिलं दुकान १८ एप्रिल २०२३ला उघडलं. त्याच वर्षी आयफोन १५ प्रो आल्यावर मी तिथे गेले. पर्समध्ये १४ प्रो होता, २०६ ग्रॅमचा. नवा १८७चा. १९ ग्रॅमनी काय होतंय, असंच वाटलं होतं, पण एका हातात जुना आणि दुसऱ्यात नवा धरला आणि फरक लगेच कळला. कडाही गोलसर, तळव्याला न रुतणाऱ्या. टेबलाशी हवं तेवढा वेळ उभं राहू देतात, हे फार आवडलं.

डोंबिवली

मी फोन पारखतो तो फास्ट लोकलच्या हिशोबाने. एक हात वरच्या कडीला, दुसऱ्यात फोन. दुकानातही डावा हात मुद्दाम वर धरतो आणि उजव्या अंगठ्याने मेसेज टाइप करून बघतो, मराठीतच. वरच्या कोपऱ्यापर्यंत अंगठा नेताना फोन तळहातात सरकायला लागला की तो माझ्या कामाचा नाही. मोठ्या स्क्रीनचे बहुतेक फोन इथेच गळतात. 'सर, कव्हर लावलं की ग्रिप येईल,' असं सांगतात. पण कव्हरने रुंदी वाढते आणि अंगठा आणखीच कमी पोचतो.

विलेपार्ले

माझ्या धाकट्या भावाला दिसत नाही. सेल्समन फोन माझ्या हातात देऊन माझ्याशीच बोलायला लागला. भाऊ त्याला म्हणाला, 'दादा, वापरणार मी आहे, माझ्याकडे द्या.' मग त्याने फोन उलटा करून कॅमेऱ्याचा उंचवटा चाचपला, कडेवरून बोट फिरवून आवाजाची बटणं आणि पॉवरचं बटण यांत अंतर किती ते पाहिलं. एकावर सगळी बटणं बोटाला सारखीच लागत होती. तो त्याने तिथल्या तिथे परत केला. दुसऱ्यावर मी टॉकबॅक, म्हणजे स्क्रीनवरचं बोलून सांगणारी सोय, सुरू करून दिलं. त्यात एका बोटाने उजवीकडे सरकवलं की पुढच्या बटणाचं नाव ऐकू येतं, दोनदा टॅप केलं की ते उघडतं. दुकानात गाणी जोरात चालू होती, स्पीकर फाटतोय की नाही कळेना. विनंती केली तशी त्यांनी लगेच बंद केली. भाऊ फोन कानाशी धरून बोलण्याचा वेग वाढवत गेला, इतका की मला एक शब्द उमजेना. 'हाच घेऊया,' म्हणाला. स्क्रीन कशी आहे हे तोवर मीही बघितलं नव्हतं.

परळ

जुलैत भिजत दुकानात शिरले, ओल्या बोटाने डेमो फोन हाताळला तर भलतंच अ‍ॅप उघडलं. फोनवर आयपी६८ हे मानांकन असलं म्हणजे धूळ आणि ठरावीक मर्यादेपर्यंत पाणी आत जात नाही, एवढंच. टच मात्र बोट लागल्यावर स्क्रीनवरच्या विद्युतभारात होणाऱ्या बदलावर चालतो, थेंबांनी तो गोंधळतो. मुंबईत चार महिने पाऊस, म्हणून आता मी विचारून बोट ओलं करूनच बघते.

ठाणे

घडीचा फोन म्हणजे खिशात वीट, अशी माझी समजूत होती. २०२५चा सॅमसंग गॅलॅक्सी झेड फोल्ड ७ हातात घेतला आणि ती गेली. उघडल्यावर आठ इंची स्क्रीन, वजन २१५ ग्रॅम, त्याच कंपनीच्या घडी नसलेल्या एस२५ अल्ट्रापेक्षाही तीन ग्रॅम कमी. मधली रेघ समोरून जाणवत नाही. तिरका धरून छताचा दिवा पडला की दिसते, आणि अंगठा आडवा फिरवला की लागते. आईने त्यावर पेपर उघडला, अक्षरं मोठी केली आणि चष्मा न लावता अग्रलेख वाचायला लागली. 'हे बरंय रे,' म्हणाली. मिटताना मात्र ती घाबरत होती.

मालाड

आमच्याकडच्या एका दुकानात काउंटरवर नुसते डमी, स्क्रीनच्या जागी छापील चित्र. चालू पीस मागितला तर म्हणे आधी बुकिंग करा. मी सरळ बाहेर पडलो. तुम्हीही पडा. आणि चालू पीस मिळाला तरी त्याचा ब्राइटनेस बहुधा पूर्ण वर असतो. दोन फोन शेजारी ठेवून दोघांचीही पट्टी अर्ध्यावर आणा, मगच रंग बघा. परळच्या ताई, ओल्या बोटाचं मी कधी करून पाहिलं नव्हतं, रविवारी बघतो.