२७ पैकी २२ मिळाले. मग पुढे काय?

अक्कलदाढ (इंदूर)

परवा रविवारी छप्पन दुकानला पोहे खाताना आमच्याच कॉलेजचा एक ज्युनियर भेटला. एमडीएसच्या, म्हणजे दंतवैद्यकातल्या पदव्युत्तर पदवीच्या, थीसिसचा विषय विचारला. म्हणाला, दंतशास्त्राच्या जर्नलांमध्ये आलेल्या सिस्टिमॅटिक रिव्ह्यूंची रिपोर्टिंग क्वालिटी, म्हणजे काय केलं ते किती नीट लिहिलंय, ते तपासतोय. मी विचारलं, यात पेशंट किती? म्हणे, एकही नाही.

हातातली जिलबी तशीच राहिली.

धाग्यावर दंतवैद्य नसलेलेही आहेत, म्हणून थोडक्यात सांगतो. एका प्रश्नावर जगभर झालेले अभ्यास ठरलेल्या पद्धतीने शोधायचे, चाळायचे आणि त्यांचा एकत्र निष्कर्ष काढायचा, हा झाला सिस्टिमॅटिक रिव्ह्यू. त्यात काय काय लिहिलेलं असावं याची २७ कलमांची यादी आहे, तिला प्रिझ्मा म्हणतात. ती २००९ ला आली आणि २०२० मध्ये सुधारली. त्याआधी १९९९ पासून क्वोरम नावाची यादी होती.

आता हे ज्युनियर लोक काय करतात? शंभरेक रिव्ह्यू घेतात, प्रत्येकाला २७ पैकी मार्क देतात आणि सरासरी काढून 'सुधारणेला वाव आहे' असं लिहितात. शीर्षकात 'सिस्टिमॅटिक रिव्ह्यू' हे शब्द आहेत, त्याचा एक मार्क. शोध नीट घेतला, त्याचाही एकच. हा कसला तराजू? ज्यांनी यादी केली त्यांनीच लिहून ठेवलंय की ही रिव्ह्यूचा दर्जा मोजायची पट्टी नाही.

आणि मुळात पेशंटवरच्या चाचण्याच लहान आणि ढिसाळ असतील तर रिव्ह्यू कितीही टापटीप लिहा. आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार? ओपीडीत पेशंटची रांग आहे आणि आपली मुलं पीडीएफना मार्क देतायत.

पीजी_तिसरं_वर्ष

सर, पोह्यांवाला ज्युनियर मीच. तिथे बोललो नाही, कारण बिल तुम्ही देत होता.

सरासरीचं म्हणणं मान्य. माझ्या गाईडनाही मी तेच सांगितलं होतं, पण सिनॉप्सिस (थीसिसचा आराखडा) पास झालाय. बाकीचं मान्य नाही. रिपोर्टिंग म्हणजे टापटीप नव्हे. ती पावती आहे. सराफ्यात दागिना घेताना पावतीवर वजन, कॅरेट, घडणावळ वेगवेगळी लिहिलेली असते, म्हणून तर घरी येऊन भांडता येतं. 'सोनं, एकूण इतके रुपये' एवढंच लिहिलं तर कशावर भांडणार?

एक अनुभव सांगतो. प्रॉस्पेरो नावाचं रजिस्टर २०११ पासून आहे, यॉर्क विद्यापीठाचं. रिव्ह्यू सुरू करण्याआधी आपण काय मोजणार ते तिथे नोंदवायचं. मी छापील रिव्ह्यू आणि नोंदणी शेजारी ठेवून वाचतो. काहींमध्ये नोंदणीत मुख्य निकाल एक असतो आणि छापताना दुसराच पुढे येतो, बहुधा ज्याचा आकडा चांगला आला तो. बदलाचं कारण एका ओळीतही नसतं. नोंदणी क्रमांक लिहिण्याचं ते 'फालतू' कलम नसतं तर हे मला कळलं असतं का?

गुटखाविरोधी_काका (निवृत्त शिक्षक)

दोघांचं वाचलं. मी ओरल पॅथॉलॉजी (तोंडाच्या रोगांचं शास्त्र) शिकवली, आता राजेंद्र नगरात घरी असतो, त्यामुळे वेळ भरपूर आहे.

आपल्या मध्य प्रदेशानं २०१२ ला गुटख्यावर बंदी आणली, नव्या अन्नसुरक्षा कायद्याखाली देशात सगळ्यात आधी. तरी तोंड न उघडणारे पेशंट येतच राहिले, कारण सुपारी आणि तंबाखू वेगवेगळ्या पुड्यांत मिळायला लागली. नुसती सुपारीही कर्करोगजनक आहे, हे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनं २००४ मध्ये सांगितलंय. पण पानाच्या टपरीवर ते कोण वाचतो!

सुपारीनं तोंड आखडतं त्या रोगाचं, सबम्युकस फायब्रोसिसचं, औषध कोणतं, असं विद्यार्थी विचारायचे तेव्हा मी रिव्ह्यू काढून बसायचो. तोंड किती उघडलं, ते कुठून कुठे मोजलं? वरच्या दातापासून खालच्या दातापर्यंत, की ओठापासून? व्यायाम दोन्ही गटांना दिला होता का? सुपारी खरंच सुटली होती का? शेवटचं माप तीन महिन्यांनी घेतलं की दोन वर्षांनी? रिव्ह्यूत हे नसेल तर 'सरासरी इतके मिलीमीटर सुधारणा' या वाक्याचं मी काय करू? म्हणून माझं मत पोराच्या बाजूनं.

पण पोरा, तुलाही सांगतो. मार्क देणं म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं. एकदा तरी स्वतः पन्नास पेशंटांच्या तोंडात पट्टी धरून बघ. मग त्या तक्त्यात कोणता कॉलम नाही, ते आपोआप दिसेल.

आकडेमोड (वडोदरा)

डॉक्टर मंडळींत एक संख्याशास्त्रवाला घुसतोय, सांभाळून घ्या.

प्रिझ्मा विचारते, 'लिहिलंय का?' 'बरोबर केलंय का?' हे विचारायला ॲमस्टार नावाचं प्रश्नपत्रक आहे. पहिलं २००७ चं, दुसरं २०१७ चं. दुसऱ्यात १६ प्रश्न, त्यातले ७ क्रिटिकल, म्हणजे कळीचे. एक क्रिटिकल चूक झाली की रिव्ह्यूवरचा विश्वास 'लो', एकाहून जास्त झाल्या की 'क्रिटिकली लो'. वगळलेल्या अभ्यासांची कारणांसहित यादी दिली नाही, हीसुद्धा क्रिटिकल चूक धरतात. त्यामुळे पुष्कळसे रिव्ह्यू एकदम तळाशी जाऊन बसतात आणि सगळेच नापास झाले की निकालातून काहीच कळत नाही. तेव्हा अक्कलदाढ, तुमची तक्रार अर्धी खरी. तराजू बदलून भागत नाही.

पण तुमच्या क्षेत्रातली खरी गंमत दोन्ही याद्यांत नावानिशी सापडत नाही. २० पेशंट, प्रत्येकाला ३ इम्प्लांट (जबड्याच्या हाडात बसवलेली कृत्रिम दातांची मुळं). रिव्ह्यूवाला लिहितो ६०. अहो, एका तोंडातल्या तिघांना मधुमेह एकच, बिडी एकच, ब्रशही एकच! ते स्वतंत्र कसे? ६० धरले की कॉन्फिडन्स इंटरव्हल, म्हणजे खरा आकडा कुठून कुठपर्यंत असू शकतो तो पट्टा, उगाच बारीक होतो आणि निकाल आहे त्याहून पक्का वाटतो. स्प्लिट-माउथ चाचणीत, म्हणजे डाव्या बाजूला एक उपचार, उजव्या बाजूला दुसरा, तिथे सहसा उलटं होतं. जोडी मोडून गणित केलं की इंटरव्हल नको तितका रुंद होतो. २७ पैकी २७ मिळवणारा रिव्ह्यूही यात आपटू शकतो.

सुदामानगरची_मावशी

तुमचं सगळं डोक्यावरून गेलं. मला एवढंच सांगा, फ्लॉस करायचा की नाही? काही वर्षांपूर्वी पेपरात आलं होतं की त्याचा उपयोग नाही. तेव्हापासून डबी पडून आहे.

पीजी_तिसरं_वर्ष

मावशी, डबी काढा. ती बातमी २०१६ ची. कॉक्रेन या रिव्ह्यू करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या २०११ च्या रिव्ह्यूत १२ चाचण्या होत्या. ब्रशसोबत फ्लॉस केला तर हिरड्यांची सूज कमी होते, असा थोडा पुरावा होता. किडीबद्दल काहीच नव्हतं, कारण एकाही चाचणीनं ती मोजलीच नव्हती. चाचण्या फार तर सहा महिन्यांच्या, आणि दोन दातांमध्ये कीड लागायला त्याहून जास्त वेळ जातो. २०१९ ला फ्लॉससोबत दातांच्या फटी साफ करायची इतर साधनंही धरून ३५ चाचण्या घेऊन पुन्हा पाहिलं, तेव्हाही मुदत तोकडीच. 'पुरावा नाही' याचं पेपरात 'उपयोग नाही' झालं.

आणि सर, हे मला कसं कळलं? कोणत्या चाचणीत काय मोजलं आणि किती दिवस, ते त्या रिव्ह्यूत लिहिलं होतं म्हणून. आड कोरडा आहे हे सांगायलाही पोहरा धडका लागतो.

अक्कलदाढ (इंदूर)

पोहऱ्याचं बरं सुचलं तुला. तरी २७ पैकी मार्क देऊन सरासरी काढण्याला माझा विरोध कायम. कलमवार लिही, बेरीज करू नकोस. गाईडना सांग, इंदूरचा एक भिया म्हणत होता.

आकडेमोड, तुमचं ६० इम्प्लांटचं वाचून मात्र दुपारी झोप लागली नाही.

पीजी_तिसरं_वर्ष

बेरीज काढून टाकतो. आकडेमोड काकांचं वाचून तक्त्यात एक नवा कॉलम घातला: 'एकक कोणतं, पेशंट की दात?' जमवलेले रिव्ह्यू परत चाळतोय. इम्प्लांटवरच्या काहींमध्ये पेशंटचा आकडा एकदाच, पहिल्या तक्त्यात येतो. पुढे सगळीकडे इम्प्लांटच मोजलेत.

अक्कलदाढ (इंदूर)

त्यात आखूड इम्प्लांटवरचा तो रिव्ह्यू आहे का रे, मागे आपल्या सेमिनारमध्ये वाटला होता तो? मी पेशंटना यशाचा आकडा त्यातूनच सांगतो.

पीजी_तिसरं_वर्ष

आहे, सर.