भीती वाटली तरी बोलता येतं
ताई, 'विश्वास असेल तर भीती वाटायलाच नको' हे तुमचं म्हणणं मला पटत नाही. बायबलमध्ये येशूचा प्रेषित पौल स्वतःच करिंथ शहरातल्या विश्वासणाऱ्यांना लिहितो, की मी तुमच्याकडे आलो तो भीत आणि कापत (१ करिंथ २:३). त्याच करिंथात प्रभूनं त्याला रात्री दर्शनात सांगितलं, भिऊ नको, बोलत राहा (प्रेषितांची कृत्ये १८:९).

आमचं गाव जालन्याजवळ. मागच्या उन्हाळ्यात टँकर आमच्या वस्तीवर यायचाच नाही. ग्रामसभेत उठले तेव्हा पाय लटपटत होते, मुठीतलं पदराचं टोक घामानं भिजलेलं. मनात एवढंच, 'प्रभू, सोबत राहा.' आवाज चिरकला, पण खेपांची नोंदवही दाखवा म्हणाले. मागून आणखी दोघीजणी उठल्या.